बारा मोटा, एक विहीर : संस्थेचं मोबाइल ॲप एक असावं की अनेक?

डोंबिवलीत राहणाऱ्या, रोज लोकलनं कामावर जाणाऱ्या आणि गणपतीला कोकणात उतरणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये गेली काही वर्षं रेल्वेची तीन-चार ॲप्स असत. लोकलच्या तिकिटाला आणि पासाला यूटीएस. कोकणकन्येच्या आरक्षणाला आयआरसीटीसीचं रेल कनेक्ट. गाडी कुठवर आली हे बघायला एनटीईएस. डब्यातल्या नळाला पाणी नसेल तर तक्रारीला रेल मदद. तिकिटांच्या दोन ॲप्सचे पासवर्डही दोन. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेनं ‘रेलवन’ आणलं आणि ही कामं एका ॲपमध्ये आली.

ही ॲप्स मुळात वेगळी का होती? कारण रेल्वेच्या आत ती कामं वेगळी आहेत. स्टेशनवर आरक्षणाची खिडकी एकीकडे आणि लोकलच्या तिकिटाची दुसरीकडे, कारण दोन्हींमागची संगणकव्यवस्था निराळी. आरक्षित तिकिटं इंटरनेटवरून विकण्याचं काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या आयआरसीटीसीकडे. यूटीएस बनवणारी ‘क्रिस’ ही रेल्वेची संगणकसंस्था १९८६ पासूनची. ज्यानं त्यानं आपापल्या कामाचं ॲप केलं. आत बसून बघणाऱ्याला यात काहीच वावगं दिसत नाही. प्रवाशाच्या लेखी मात्र हे सगळं मिळून एकच, ‘रेल्वे’.

हा प्रश्न आता रेल्वेएवढ्या मोठ्या संस्थांपुरता राहिलेला नाही. तालुक्याचा दूध संघ, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, शिक्षणसंस्था, चार शाखांचं वाचनालय, दोन दुकानं आणि एक उपाहारगृह चालवणारं कुटुंब, या सगळ्यांच्या बैठकीत कधी ना कधी ‘आपलंही ॲप काढू’ असा विषय निघतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: सगळ्याचं मिळून एक काढायचं, की कामागणिक वेगळं? बरेचदा याचं उत्तर ॲप बनवून देणारा देतो, नाहीतर बैठकीत ज्याचा आवाज मोठा तो देतो. हा लेख त्या बैठकीच्या आधी वाचण्यासाठी आहे. त्यातलं मुख्य म्हणणं एका वाक्यात सांगतो: ॲपच्या वाटण्या संस्थेतल्या खात्यांवरून करू नका, ते वापरणारा माणूस कोण आणि तो कोणत्या प्रसंगी ते उघडतो, यावरून करा.

आधी माणसं मोजा

एक कोरा कागद घ्या आणि ॲप ज्यांच्या हातात जाणार आहे त्या माणसांची यादी करा. खात्यांची नको, सुविधांची नको, फक्त माणसांची. दूध संघाचंच उदाहरण घेऊ. गावात दूध घालणारे उत्पादक. संकलन केंद्रावर माप, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांशाखेरीजचे घनघटक) नोंदवणारा सचिव. शीतकरण केंद्राकडे दूध नेणारा टँकरचालक. शहरात तूप-पनीर घेणारा ग्राहक. ही चार माणसं झाली आणि चौघांचं आयुष्य वेगळं आहे.

उबरकडे बघा. गाडी बोलावणाऱ्याचं ॲप वेगळं आणि गाडी चालवणाऱ्याचं वेगळं. प्रवासी ते दोन मिनिटं उघडतो. चालकाचा फोन मात्र दिवसभर स्टँडला लावलेला, पडदा सतत जागा, ठिकाण सतत चालू, अक्षरं एका नजरेत वाचता येतील एवढी मोठी. फेरी एकच असली तरी हातातलं काम एक नाही. इथे दोन ॲप्स हवीतच.

माणसं वेगळी करण्याचं दुसरं कारण अधिकाराचं. सचिवाला दुसऱ्याच्या नावावर लिटर आणि फॅट लिहिण्याचा अधिकार असतो. उत्पादकाला फक्त स्वतःची नोंद वाचायची असते. दोघांना एकच ॲप देऊन सचिवाची बटणं उत्पादकापासून नुसती लपवली, तर एखाद्या चुकीच्या सेटिंगनं ती उघडी पडू शकतात. अधिकाराची खरी तपासणी संस्थेच्या सर्व्हरवर व्हायला हवीच. पण ज्याच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं, त्याचं हत्यारही वेगळं ठेवावं.

‘आमचा सचिव स्वतःही दूध घालतो, मग त्याला दोन ॲप्स?’ असा प्रश्न बैठकीत हमखास येतो. हो, त्याला दोन. गावात असा एक माणूस असेल. त्याच्या सोयीसाठी दीडशे उत्पादकांच्या पडद्यावर गर्दी करू नये. उलट शाळेत एका पालकाची दोन मुलं दोन वर्गांत असतात आणि एक बसनं जातं. तिथे माणूस एक, भूमिकाही एक. त्याला अभ्यासाचं, फीचं आणि बसचं अशी तीन ॲप्स दिली, तर संस्थेच्या कार्यालयातल्या तीन टेबलांमधली धावपळ आपण त्याच्या खिशात नेऊन ठेवली असं होईल.

मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्येच या धोक्याचं मूळ मांडलं होतं: संस्थेतली माणसं एकमेकांशी ज्या वाटांनी बोलतात, तिच्या हातून घडणाऱ्या यंत्रणेची घडणही तशीच होते. दोन खाती एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांची ॲप्सही बोलत नाहीत. म्हणून ‘वेगळं ॲप हवं’ असा आग्रह आला की तो कुणाकडून आला हे आधी बघावं. वापरणाऱ्याकडून आला असेल तर नीट ऐकावा. खात्याकडून आला असेल तर त्या खात्याला शेजारच्या टेबलाशी कशाचं वावडं आहे, ते आधी सोडवावं.

मग प्रसंग मोजा

माणूस एकच असला तरी त्याचे प्रसंग निराळे असू शकतात. लोकलचं तिकीट माणूस स्टेशनकडे चालता चालता काढतो. टीसी दिसल्यावर घाईनं तिकीट काढता येऊ नये म्हणून स्टेशनच्या आवारात उभं राहून कागदाविना तिकीट काढायला यूटीएसवर बंधन होतं. त्यामुळे ते वाटेतच काढायचं. ॲप उघडायचं, दोन-तीन वेळा बोट लावायचं, फोन खिशात. कोकणच्या गाडीचं आरक्षण मात्र घरी बसून होतं. तारखा बघायच्या, सगळ्यांची नावं आणि वयं भरायची, आईला खालचा बर्थ मिळतो का ते पाहायचं.

म्हणून ही दोन कामं वेगळ्या ॲप्समध्ये असावीत का? माणूस तोच आहे, पैसे त्याच खात्यातून जातात आणि दादरला उतरून कोकणकन्या पकडायची असेल तर दोन्ही तिकिटं एकाच प्रवासाची आहेत. कामं एकत्र ठेवता येतात. फक्त घाईचं काम उंबरठ्यावर हवं आणि निवांत काम आतल्या खोलीत चालतं. जाहिरातींच्या तीन पट्ट्या ओलांडून लोकलच्या तिकिटापर्यंत जावं लागलं, तर एकत्र करण्याचा सगळा फायदा त्या एका मिनिटात जातो.

प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी लिहून काढा. हे काम किती वेळा पडतं: रोज, महिन्याला, की वर्षातून एकदा? ते करताना माणसाला किती घाई असते? आणि या कामाच्या लगेच आधी व नंतर तो काय करतो? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो.

मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेलं ‘मुंबई वन’ याच तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मेट्रो, मोनो, उपनगरी रेल्वे, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवलीच्या बससेवा अशा ११ सार्वजनिक वाहतूक सेवा त्यात जोडल्या आहेत. संस्था अनेक, मालक अनेक. पण मेट्रोतून उतरून लोकल आणि लोकलमधून उतरून बस हा प्रवाशासाठी एकच प्रवास. एका कामाचं टोक दुसऱ्या कामाच्या सुरुवातीला असं भिडत असेल, तर मधे दुसरं ॲप उघडायला लावणं म्हणजे पुलाचा मधलाच गाळा काढून टाकणं.

एकत्र कधी, वेगळं कधी

ही दोन मोजमापं झाली की निर्णय बराचसा आपोआप पुढे येतो. एकत्र करावं, जेव्हा:
– तीच माणसं ती सगळी कामं करतात;
– एक काम संपलं की दुसरं सुरू होतं, किंवा एकाची माहिती दुसऱ्याला लागते;
– पैसे एकाच खात्यातून येतात-जातात;
– काही कामं इतकी क्वचित पडतात की त्यांच्यासाठी वेगळं ॲप कुणी ठेवणार नाही.

वेगळं ठेवावं, जेव्हा:
– माणसांचे गट वेगळे आहेत, विशेषतः सेवा देणारे आणि घेणारे;
– एका कामाला फोनच्या फार परवानग्या लागतात, दुसऱ्याला लागत नाहीत;
– एक काम बंद पडलं तरी दुसरं चालूच राहायला हवं;
– फक्त त्या एकाच कामासाठी येणारे, बाकी कशाशी देणंघेणं नसलेले पुष्कळ लोक आहेत.

दोन्ही याद्यांतल्या गोष्टी एकाच वेळी लागू पडत असतील, तर वजन द्यावं ते माणसांच्या गटाला. गट एक असेल तर आधी एकत्र सुरू करा. पुढे वेगळं काढणं जमतं. लोकांच्या फोनमध्ये गेलेली चार ॲप्स परत एक करणं फार कष्टाचं असतं.

मोठ्या कंपन्यांच्या अनुभवातून

यात सर्वांसाठी एकच बरोबर उत्तर नाही, हे आपल्याच शहरांत दिसतं. स्विगीनं २०२० मध्ये किराणा पोहोचवणारी इन्स्टामार्ट सेवा जेवणाच्याच ॲपमध्ये सुरू केली. जेवण मागवणारा तिथे आधीच येत होता. त्याला दूध-अंडीही दिसली. सेवा मोठी झाल्यावर, २०२५ च्या सुरुवातीला, तिचं स्वतंत्र ॲपही आलं, आणि जुन्या ॲपमधली जागाही ठेवली. झोमॅटोची वाट दुसरी. २०२२ मध्ये घेतलेलं ब्लिंकिट त्यांनी वेगळंच राहू दिलं आणि बाहेर जेवायला, कार्यक्रमांना जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘डिस्ट्रिक्ट’ हे आणखी एक ॲप काढलं.

या दोन वाटांमधून लहान संस्थेनं घ्यायचं ते एवढंच: नवी सेवा रुजेपर्यंत जुन्या झाडाची सावली उपयोगी पडते. तिच्यासाठीच येणारी माणसं दिसू लागली की मग तिला वेगळं अंगण द्यावं. नव्या सेवेला पहिल्याच दिवशी स्वतंत्र ॲप काढलं, तर ते लोकांच्या फोनमध्ये जाण्यासाठी पहिल्यापासून धडपड करावी लागते.

उलट बाजूचा अनुभवही आहे. फोरस्क्वेअर हे अमेरिकेतलं ॲप. आपण कुठे आलो आहोत हे मित्रांना कळवायचं आणि आसपासची चांगली ठिकाणं शोधायची, असं त्याचं दुहेरी काम. २०१४ मध्ये कंपनीनं कळवण्याचं काम ‘स्वॉर्म’ नावाच्या दुसऱ्या ॲपमध्ये नेलं. जी माणसं दोन्ही गोष्टी एका दमात करत होती, त्यांना मधेच दुसरं दार ठोठावायला लागलं. २०२४ मध्ये ठिकाणं शोधण्याचं मूळ ॲप बंद झालं. फेसबुकनंही २०१४ मध्येच फोनवरचे निरोप मेसेंजर या वेगळ्या ॲपमध्ये हलवले. २०२३ मध्ये ते पुन्हा मुख्य ॲपमध्ये आणण्याची चाचणी सुरू केली. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही वाट बदलावी लागते. आपण ठरवू ते कायमचं असं समजून अडून बसू नये. पण लोकांना वारंवार दारं बदलायला लावण्याचा भुर्दंड त्यांच्याच माथी पडतो, हेही विसरू नये.

फोन कुणाचा, कसा

ॲपचा नमुना बैठकीत मोठ्या पडद्यावर, नव्या फोनवर दाखवला जातो. वापरणाऱ्याचा फोन तसा नसतो. गावात वडिलांकडे मुलाचा जुना फोन असतो. त्याची जागा व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओंनी भरलेली असते. ‘जागा शिल्लक नाही’ असा निरोप आला की घरातला तरुण आधी कोणतं ॲप काढतो? जे महिन्याभरात उघडलेलं नाही ते. त्यामुळे वर्षातून दोनदा लागणाऱ्या कामाचं स्वतंत्र ॲप म्हणजे काढून टाकण्यासाठीच दिलेलं ॲप. असं काम मुख्य ॲपमध्ये ठेवावं किंवा साध्या वेबपानाचा दुवा एसएमएसनं पाठवावा.

याचा अर्थ सगळं एकत्र कोंबावं असाही नाही. एकत्रित ॲप जड झालं तर तेही निघतं. अँड्रॉइडवर ॲपचा एखादा भाग गरज पडेल तेव्हाच उतरवून घेण्याची सोय आहे. बनवणाऱ्याला ती वापरायला सांगा. पहिल्या पडद्यावर चारपेक्षा जास्त कामं ठेवू नका. कोणती चार, हे अध्यक्षांना विचारून ठरवू नका. मघाच्या कागदावरच्या ‘किती वेळा’ आणि ‘किती घाई’ या दोन रकान्यांवरून ठरवा.

घरात फोन एकच असतो, हेही लक्षात ठेवा. एका मोबाइल नंबरावर आईचं आणि वडिलांचं अशी दोन सभासदखाती असतात. कधी नंबर पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा असतो. ‘एक नंबर म्हणजे एक माणूस’ असं धरून बनवलेलं ॲप गावात पहिल्याच आठवड्यात अडतं, मग ते एक असो की चार.

खर्च कुठे वाढतो

ॲप गुगलच्या दुकानात ठेवण्यासाठी नोंदणीची फी एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. एका खात्यावर अनेक ॲप्स ठेवता येतात, त्यामुळे चार ॲप्स काढली तरी ही फी चौपट होत नाही. चौपट होते ती निगराणी. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून घेण्याची गुगलची अट दरवर्षी पुढे सरकते. ते काम प्रत्येक ॲपला करावं लागतं. प्रत्येक बदल जुन्या-नव्या फोनांवर तपासावा लागतो. लॉगिनचा नियम बदलला की चार ठिकाणी बदलायचा. मराठी शब्दांत सुधारणा केली की चार ठिकाणी करायची. आणि ‘माझं बिल दिसत नाही’ असा फोन आला की आधी ‘कोणत्या ॲपमध्ये?’ हे विचारण्यात पाच मिनिटं जातात.

म्हणून बनवणाऱ्याकडून दर मागताना फक्त ‘बनवण्याचे किती’ एवढंच विचारू नका. पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीचा दर प्रत्येक ॲपमागे लेखी घ्या. एकत्रित ॲप बनवायला पहिल्यांदा महाग पडलं, तरी तीन वर्षांच्या हिशोबात चित्र उलटं असू शकतं.

आणखी एक सावधगिरी. काही विक्रेते प्रत्येक शाखेला तिच्या नावाचं वेगळं ॲप देऊ करतात. आत सगळं तेच, वर फक्त नाव आणि रंग निराळे. अशा एकसारख्या प्रती दुकानात भरायला गुगल आणि ॲपल या दोघांच्याही नियमांचा विरोध आहे. ॲप नाकारलं जाऊ शकतं. शाखा हा ॲपच्या आत निवडायचा पर्याय असावा.

परवानग्या आणि विश्वास

टँकरचालकाच्या ॲपला त्याचं ठिकाण सतत लागतं, आणि ते रास्त आहे. उत्पादकाला फक्त बिल बघायचंय. त्याचं ठिकाण, त्याच्या ओळखीच्यांची यादी, त्याचे फोटो कशाला? दोघांचं ॲप एक केलं की सगळ्या परवानग्यांची मागणी एकाच ठिकाणी येते, आणि सावध माणूस बिचकतो. बिचकायलाच हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: ज्या कामासाठी माहिती घेता ते काम स्पष्ट सांगा, संमती घ्या, आणि त्या कामाला लागेल तेवढीच माहिती घ्या. कोणत्या कामाला कोणती परवानगी लागते, हा रकानाही आपल्या कागदावर जोडा. एखाद्या कामाची मागणी बाकीच्यांपेक्षा फार मोठी असेल, तर ते वेगळं काढण्याचं ते सबळ कारण आहे.

बंद पडण्याचा विचारही इथेच करायचा. एकत्रित ॲपची नवी आवृत्ती बिघडली तर सगळंच अडतं. ग्राहकाला एक दिवस तूप मागवता आलं नाही तर चालेल. पहाटे साडेसहाला केंद्रावर रांग लागलेली असताना सचिवाला नोंद करता आली नाही, तर दूध थांबत नाही, नासतं. ज्या कामाला उद्याची सकाळ नसते, ते काम दुसऱ्या कुणाच्या बिघाडावर अवलंबून ठेवू नये. शिवाय ते इंटरनेट गेलं तरी चाललं पाहिजे. नोंद फोनमध्ये साठावी आणि रेंज आल्यावर वर जावी.

बारामोटेची विहीर

साताऱ्याजवळ लिंब गावात अठराव्या शतकातली बारामोटेची विहीर आहे. एका वेळी बारा मोटा चालवता येतील अशी तिची रचना, म्हणून ते नाव. मोट ओढणारे बैल वेगळे, थारोळं वेगळं, पाटाची दिशा वेगळी, पाणी एकच. ॲपच्या प्रश्नावर विचार करताना मला हे चित्र फार उपयोगी वाटतं. ॲप म्हणजे मोट. संस्थेचा हिशोब, सभासदाचं खातं, त्याच्या नोंदी, हे पाणी.

एकत्र करायची पहिली गोष्ट म्हणजे हे पाणी. सचिवानं सकाळी भरलेली नोंद उत्पादकाला त्याच क्षणी दिसली पाहिजे. पशुखाद्याच्या पोत्याची उधारी दूधबिलातून आपोआप वजा झाली पाहिजे. पत्ता एकदा बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे. हे साधलं असेल तर ॲप्स दोन असोत की तीन, माणसाला तुटकपणा जाणवत नाही. हे साधलं नसेल तर एकाच ॲपच्या आतसुद्धा चार तुटकी दुकानं होतात. बिल एका ठिकाणी एक आकडा दाखवतं, उधारी दुसऱ्या ठिकाणी दुसरा, आणि माणूस शेवटी वही घेऊन कार्यालयात येतो.

मोट आणि विहीर यांचा हा भेद चीनच्या वीचॅटनं वेगळ्या रीतीनं वापरला. २०११ मध्ये निरोपांसाठी सुरू झालेल्या या ॲपमध्ये २०१७ पासून दुसऱ्यांची छोटी ‘मिनी प्रोग्रॅम’ चालतात. ती फोनवर वेगळी बसवावी लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये फोनसाठी वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंट एकत्र असलेलं ॲप काढलं, पण तिन्हींची वेगळी ॲप्सही ठेवली. फाइल तीच, ज्याला जसं उघडायचं तसं त्यानं उघडावं. पाया एक असला म्हणजे दारांची संख्या पुढे बदलता येते. पाया चार ठिकाणी असला तर दार एक करूनही उपयोग होत नाही.

म्हणून करारात पहिली मागणी ही लिहा: सगळ्या कामांचं सभासदखातं एक, लॉगिन एक, आणि सगळी माहिती संस्थेच्या मालकीची. बनवणारा बदलला तर ती वापरण्याजोग्या स्वरूपात संस्थेला परत मिळेल, ही अटही त्याच पानावर असू द्या.

एक उदाहरण सोडवून बघू

आता दूध संघाचा कागद पुरा करू. उत्पादकाची कामं: रोजची लिटर-फॅटची नोंद, दहा दिवसांचं बिल, पशुखाद्याची मागणी, गाय-म्हैस आजारी पडली तर पशुवैद्यकाला बोलावणं, कृत्रिम रेतनाची नोंद, वासराचा विमा, दिवाळीच्या दरफरकाचा हिशोब. संघात ही पाच-सहा खात्यांची कामं आहेत. गोठ्यात ती एकाच जनावराची आहेत. दूध कमी झालं म्हणून डॉक्टर येतो, डॉक्टर खाद्य बदलायला सांगतो, खाद्याचे पैसे बिलातून जातात. सगळी एकाच्या आधी-नंतर दुसरं अशी गुंफलेली आहेत. यांचं ॲप एकच. पहिल्या पडद्यावर चार गोष्टी: आजची नोंद, चालू बिल, डॉक्टर, खाद्य. विमा आणि दरफरक आत.

सचिवाचं ॲप वेगळं. त्याला अधिकार वेगळे, घाई वेगळी, इंटरनेटशिवाय चालण्याची गरज वेगळी. टँकरचालकाचंही काम वेगळं. पण संघाकडे आठच टँकर असतील तर त्याच्यासाठी ॲप बनवण्याआधी साधा फोन आणि नोंदवही पुरते का, हे बघावं. शहरातल्या ग्राहकाला उत्पादकाच्या ॲपमध्ये काही काम नाही. त्याच्यासाठी आधी व्हॉट्सॲपवरून मागणी घ्या, वर्षभर बघा. रोज मागवणारे वाढले तर मग त्याचं ॲप.

म्हणजे सुरुवात दोन ॲप्सनी, पाया एक. आणि उत्पादकाला ॲप असलं तरी दूध घातल्यावर येणारा एसएमएस बंद करू नये. ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याचा तोच आधार आहे.

आधीच चार ॲप्स असतील तर

पुष्कळ संस्थांची अडचण ही आहे. ती ॲप्स एक करायची असतील तर क्रम असा ठेवा. आधी मागची खाती जोडा. एकाच माणसाची चार नावं, चार नंबर हुडकून एक करा. हे किचकट काम टाळून वरचं ॲप बदललं तर गोंधळ वाढतो. नव्या ॲपमध्ये जुनाच पासवर्ड चालू द्या. रेलवननं यूटीएस आणि रेल कनेक्टची जुनी खाती चालू दिली ती याचसाठी. जुनी नोंद, जुनी बिलं, शिल्लक रक्कम नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे. जुनं ॲप लगेच बंद करू नका. दोन्ही काही महिने सोबत चालवा आणि जुन्या ॲपमध्येच नव्याचा दुवा द्या. बदलाची तारीख कामाच्या गर्दीत धरू नका. शाळेनं जूनमध्ये, दूध संघानं दिवाळीच्या फरकाच्या आठवड्यात, पतसंस्थेनं मार्चअखेर नवं ॲप आणू नये.

ठरवण्यापूर्वीची एक दुपार

बैठकीआधी एक दुपार काढा. ज्यांच्यासाठी ॲप आहे अशा दहा जणांकडे जा. त्यात वयस्कर, जुना फोन वापरणारे आणि घरची कामं सांभाळणाऱ्या बायका असू द्या; दूध पुष्कळ घरांत त्याच काढतात आणि घालतात. त्यांना ‘ॲप कसं हवं’ असं विचारू नका. ‘गेल्या आठवड्यात आमच्याकडे कशाकशासाठी आलात, आधी काय केलं, नंतर कुठे गेलात’ हे विचारा. त्यांचा फोन त्यांच्या परवानगीनं बघा: किती जागा उरली आहे, कोणती ॲप्स रोज उघडली जातात, पासवर्ड कोण लक्षात ठेवतं. दहा जणांची उत्तरं एका कागदावर मांडली की कोणती कामं एकमेकांना चिकटून आहेत आणि कोणती सुटी आहेत, ते दिसू लागतं. त्या कागदावर जितके गट दिसतील तितकी ॲप्स.

हा कागद बैठकीत सर्वांत आधी मांडा. केंद्रावर दूध घालणाऱ्या बाईला संघात किती खाती आहेत हे माहीत नसतं, आणि माहीत असण्याची गरजही नाही. कॅन रिकामी करून घरी पोहोचेपर्यंत तिला आजचा फॅट कळला, दहाव्या दिवशी बिलाचा आकडा वहीशी जुळला, आणि गाय अडली त्या रात्री डॉक्टरला बोलावण्याचं बटण शोधावं लागलं नाही, तर ॲप एक आहे की तीन, हा प्रश्न तिला कधी पडणारच नाही. तो तिच्या वतीनं आपण आधीच नीट सोडवून ठेवायचा असतो.